अलंकार काढून वाच

"हॅलो?… हॅलो… हो, बोल ना… अगं मीच, ताई… थांब, थांब, जरा हळू बोल, काही कळत नाहीये… कोण निघालाय? कुठे निघालाय?"

मराठीच्या बाई कपाटापाशी वाकून उभ्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत धड चालणारा प्लग एकच, तोही कपाटाच्या मागे. चार्जरची वायर हातभर, त्यामुळे चार्जिंग चालू असताना बोलायचं म्हणजे असं कमरेत वाकूनच. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि पुढचा तास नववीवर होता. पण फोन भावजयीचा होता. बाईंचा धाकटा भाऊ दोन दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये होता. मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती आणि ती काढायचं ऑपरेशन आज दुपारी ठरलं होतं. शाळा सुटली की बाई थेट तिकडेच जाणार होत्या.

"बूट घातलेत? म्हणजे?… हॉस्पिटलचे कपडे काढून ठेवले?… आणि सही? सही केली होती ना त्याने?… नाही केली. बरं… अगं रडू नको. रडू नको गं, मला ऐकू येत नाही मग. तू कुठे आहेस आत्ता?… जिन्यापाशी. आणि तो?… खाटेवर बसलाय. मग बसलाय ना, गेला तर नाही!… टॅक्सी बोलावलीये? कोणी, त्यानेच?… अगं पण घरी जाऊन करणार काय?… घरी नाही? मग?… केंद्र? कसलं केंद्र?"

समोर चित्रकलेचे सर डबा धुऊन येत होते. बाईंनी फोनवर हात ठेवला.

"सर, माझा नववीचा तास घ्याल का? काहीही काढायला द्या… हो, भावाचं. येऊन सांगते."

सर डबा तसाच ओला टेबलावर ठेवून निघून गेले.

"हं, बोल. डोंगरावरचं केंद्र. तिथे काय करतात?… बिनाऑपरेशन. बरं, आणि हे त्याला सांगितलं कोणी?… लेख? कुठला लेख?… तू? तू पाठवलास त्याला?"

बाईंचा आवाज नकळत चढला. खिडकीत बसून वह्या तपासणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी मान वर केली.

"नाही, नाही, रागवत नाहीये… रागवत नाहीये म्हटलं ना! शेजारणीने पाठवला, तू वाचला, तुला बरं वाटलं, तू त्याला पाठवलास. झालं. आपण सगळेच पाठवतो… आता मला सांग, तुला स्वतःला काय वाटतं? खरं वाटतं ते?… 'माहीत नाही' म्हणजे अर्धं वाटतं. हो की नाही?… हं. बरं, वाच मला. मोठ्याने वाच… अगं पाठवून काय करू, फोन कानाला आहे माझ्या. तू वाच. तोवर तो जात नाही ना कुठे? दार दिसतंय ना तुला?… मग वाच."

भावजय वाचू लागली. बाई एका कानावर बोट ठेवून ऐकू लागल्या.

"'आपलं शरीर म्हणजे एक बाग'… हं… 'गाठ म्हणजे त्या बागेतला रुसलेला माळी'… काय? रुसलेला कोण?… माळी. बरं, पुढे… 'रुसलेल्या माळ्याची समजूत काढायची, की बागेवर नांगर फिरवायचा?'… वा… नाही, काही नाही, वाच तू… 'सुरीला दया नसते'… हं, रूपक. माळी रूपक, बाग रूपक, सुरीला दया नसते ही चेतनगुणोक्ती. आणि तो प्रश्न बघितलास कसा टाकलाय? समजूत किंवा नांगर. जणू तिसरं काही जगात नाहीच. हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नाही गं, उत्तर त्याच्या पोटातच… काय?"

पलीकडून काहीतरी जोरात आलं. बाईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला, मग परत लावला.

"हो… हो, बरोबर आहे तुझं. वर्ग नाही हा. चुकलं. सवय गं, दुसरं काय… नाही, तू म्हण, तुला हक्क आहे. नवरा तुझा… आणि भाऊ माझा, हेही खरंच. चल, पुढे वाच. मी मध्ये बोलत नाही."

पण गप्प राहणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

"'तीस वर्षं परदेशात सुरी चालवून शेवटी जिने सुरी टाकली त्या ज्येष्ठ डॉक्टरांचं म्हणणं'… जिने का ज्यांनी?… बरं, त्यांचंच चुकलंय. नाव काय त्या डॉक्टरांचं?… खाली बघ ना, शेवटी असेल… नाही? नुसतं 'ज्येष्ठ डॉक्टर'? मग कुठल्या दवाखान्यात विचारायचं त्यांना?… हं. पुढे… 'दहापैकी नऊ जणांची गाठ विरघळली'… कुठले दहा? कोणी मोजले?… बरं, बरं. वाच."

मग एका बाईची गोष्ट आली. तिला दोन लहान मुली. मोठी मुलगी ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसलेली आणि आतून आई बाहेर येण्याऐवजी फक्त तिच्या चपला बाहेर आल्या, असं लिहिलं होतं. भावजयीचा आवाज त्या ठिकाणी अडला. इकडे बाईंनी चिकटलेला ओठ जिभेने ओला केला.

"…ऐकतेय… हो, ऐकतेय गं… चांगलं लिहिलंय. नाही, खरंच सांगते, टिंगल नाही. चपलांचं वाचून माझ्याही आत कालवलं. ज्याने लिहिलंय त्याला लिहिता येतं… तेच तर म्हणते मी. लिहिता येणं वेगळं आणि गाठ कळणं वेगळं… शेवट काय आहे?… 'आज नाही तर कधीच नाही. मोजक्याच जागा.' म्हणजे विचार करायला वेळ द्यायचा नाही. असं कर, मी तुला…"

भावजयीने मध्येच सरळ प्रश्न टाकला असावा. कारण बाई थबकल्या आणि सावकाश बोलू लागल्या.

"म्हणजे खोटं आहे का?… नाही. असं नाही म्हणता येणार मला. उपमा दिली म्हणून माणूस खोटं बोलतो असं नसतं. खरं सांगणाराही उपमा देतो… कोण?… मोठे डॉक्टर? राउंडला आले तेव्हा? काय म्हणाले?… 'पोटात टाइमबॉम्ब घेऊन फिरताय'… अरे देवा. त्याच्यासमोर?… आणि मग तो रात्रभर जागा… हो. हो, बाई. डॉक्टरही घाबरवतातच आहेत. तो माळी सांगतो, हे बॉम्ब सांगतात. तुझं अगदी बरोबर आहे."

वर्गात इतक्या वर्षांत बाईंचा मुद्दा असा कोणी त्यांच्याच अंगावर उलटवला नव्हता. आपल्याला काय येतं तर अलंकार ओळखता येतात; आतड्यातलं काय कळतं आपल्याला? पण तिकडे खाटेवर भाऊ बुटांचे बंद बांधून बसला होता आणि खाली टॅक्सी येत होती.

"ऐक. एक कर. दोन्हीकडचे अलंकार काढून टाक… अगं दागिने नव्हे! अंगठी सिस्टरने काढायला सांगितली ती वेगळी, ती काढून पर्समध्ये ठेव. मी म्हणते बोलण्यातले. बाग नको, माळी नको, बॉम्ब नको, चपला नकोत. सगळं पुसून टाक आणि उरतं काय ते मला सांग. आधी लेखातलं… हं. फोन नंबर. पत्ता. अजून?… 'सकाळी उपाशीपोटी यावे'. अजून? गाठीचं काय करणार ते?… 'समजूत निघते'. अगं समजूत निघते म्हणजे किती सेंटिमीटर निघते?"

पलीकडे रडता रडता फुस्सकन हसू फुटलं. ते ऐकून बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला.

"बरं, आता डॉक्टरांकडचं. कोणी आहे का तिथे? मोठे नसले तरी चालेल… त्या वॉर्डच्या डॉक्टरीणबाई? मग धर त्यांना. धर, जाऊ देऊ नको… काय सांगू काय, म्हणावं, बॉम्बबिम्ब नको, आम्हाला साधं सांगा. किती मोठी आहे, काय कापणार, काय बिघडू शकतं, आणि नाही केलं तर काय. फोन तसाच हातात धर, मीही ऐकते."

बाईंनी लाल पेन ओढून घेतलं आणि समोर पडलेल्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर टेकवलं. ऐकता ऐकता त्या शब्द पुटपुटत गेल्या.

"उजव्या बाजूला… चार सेंटिमीटर… तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडणार… जोड सुटू शकतो?… किती जणांचा, विचार… शंभरात चार-पाच. मग पुन्हा उघडावं लागतं. हं… पिशवी? पोटाला लावायची, शौचाची?… लागलीच तर थोडे महिने… आणि दगावतात किती? विचार, विचार, लाजू नको… शंभरात दोघं-तिघं. त्याच्या वयाला त्याहून कमी… आणि नाही केलं तर?… वाढून आतडं बंद करेल. पसरेल. कधी?… 'नक्की नाही सांगता येत.' आता शेवटचं विचार, सगळं नीट होईल याची खात्री देता का… काय म्हणाल्या?… 'खात्री नाही देत, नीट करायचा प्रयत्न करू.'… बास. त्यांना थँक्यू म्हण माझ्याकडून."

बाईंनी पेन ठेवलं. कागदावर आकडे सोडले तर काही लिहिलेलं नव्हतं.

"ऐकलंस ना? तिकडे ओळीओळीला खात्री आणि आकड्यांचा पत्ता नाही. इकडे आकडे आहेत आणि खात्री नाही. माझं म्हणशील तर मला ह्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. नाही म्हणायची हिंमत आहे त्यांच्यात… हो, आकडे ऐकून मलाही घाम फुटला. शंभरात दोघं म्हणजे कोणाच्या तरी घरचे दोघं… हो… पण तुला ठरवायचं तर यावरून ठरव. माळ्यावरून नको… हं… हं… तुझं ठरलं? मग उभी का तिथे? दे त्याच्याकडे फोन."

पावलांचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. मग श्वास. भावाचा श्वास बाईंना फोनवरही ओळखू यायचा. लहानपणी तो गोलमटोल होता म्हणून घरात त्याला ढब्बू म्हणत. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा, काडीसारखा वाळला होता, तरी नाव ढब्बूच राहिलं होतं.

"ढब्बू?… ढब्ब्या, अरे बोल ना. ऐकतोयस का?… टॅक्सी आली?… येऊ दे. ऐक, तू असा निघून गेलास तर तुझ्या बायकोने, त्या पोरीने काय करायचं? आणि आई असती आज, तर तिला काय वाटलं असतं, तिने कसं वाढवलं आपल्याला, तिचा चेहरा जरा डोळ्यासमोर आण आणि… काय?"

बाईंचा चेहरा उतरला. मग लालही झाला.

"…हो… हो रे. आईला मध्ये आणलं मी. भावनेला हात घालत होते. तुला कसं कळलं?… फोन स्पीकरवर होता? आणि जिना तुझ्या दाराला लागूनच? सगळं ऐकलंस तू? माळ्यापासून?… मग आधी का नाही बोललास, दगडा!… बरं. नाही आणत आईला. कोणालाच नाही आणत. एकच विचारते, साधं. तुला त्या केंद्रात जायचंय, की तुला फक्त तिथून निघायचंय?"

भूगोलाच्या बाईंनी वह्या गोळा केल्या आणि दार हळूच ओढून घेत त्या बाहेर गेल्या.

"…तिथून निघायचंय. बरं. कशाला घाबरतोस? कापण्याला?… नाही? मग पिशवीला?… तीही नाही. तुझ्यासारख्याने लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलंय, तू घाबरलास म्हणजे काहीतरी असणार. मला सांग… मी हसत नाही… कोण म्हणालं?… भूल देणारे डॉक्टर. ते काय म्हणाले?… 'काळजी करू नका, तुम्हाला छान झोपवू.'… बरं, मग?… अरे मग काय झालं त्यात, चांगलंच तर…"

आणि बाई एकदम थांबल्या. वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या. वायर प्लगमधून निसटली, तरी त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

बाबा गेले तेव्हा ढब्बू सहा वर्षांचा होता आणि बाई शाळेत सातवीला. बाबांना पोटात दुखत होतं, ऑपरेशनला नेलं, आणि परत आणलं ते पांढऱ्या चादरीत. आत्याने ढब्बूला कडेवर घेतलं आणि सांगितलं, बाबा झोपलेत हं, आवाज करायचा नाही. मोठ्यांना बरं वाटलं, पोरगं रडलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ते पोर घरात चपला हातात घेऊन चालायचं. ताटावर वाटी टेकवताना खाली बोट धरायचं. बाईंना वाटायचं, खेळ असेल काहीतरी त्याचा. पुढे शाळेत कुठल्याशा मुलाने त्याला खरं काय ते सांगितलं आणि तो एकदम मोठ्याने बोलायला लागला. त्यावर घरात कोणी कधी एक शब्द काढला नाही.

"…ढब्बू. तू चपला हातात घेऊन चालायचास… ते बाबांची झोपमोड होऊ नये म्हणून?… हो ना?… अरे, मला कळलंच नाही रे कधी… नाही, तू बोल… 'झोपवू' म्हटलं आणि… हो… हो… लाज कसली त्यात?… बायकोलाही नाही सांगितलंस?… असू दे. ऐकू दे तिला. ती बाजूलाच आहे ना? तिचा हात धर."

बाईंनी खुर्ची ओढली, पण त्या बसल्या नाहीत.

"आता मी सांगते ते ऐक. बाबा झोपले नव्हते. बाबा वारले… नाही, हाही शब्द नको. 'गेले' पण नको, गेले म्हटलं की वाटतं कुठेतरी गेलेत. बाबा मेले, ढब्बू. बाबा मेले."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. बापासाठी हा शब्द बाईंनी जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता. पण एकदा तोंडातून निघाला आणि मग पुढचे शब्द आपोआप आले.

"त्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं. तीन दिवस घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन शेकत बसले. ऑपरेशनला नेलं तेव्हा विष अंगभर पसरलेलं होतं. ते भुलीने नाही मेले. ते सुरीनेही नाही मेले. ते उशिराने मेले… हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये… खरं म्हणजे थोडं घाबरवायलाही सांगतेय, खोटं कशाला बोलू. पण जसं झालं तसं सांगतेय. आईने मला नंतर सांगितलं होतं आणि तुला सांगायचं राहून गेलं सगळ्यांकडून… रडतोयस? रड. रड रे… मीही रडतेय. चालू दे."

बराच वेळ दोन्हीकडे नुसतं नाक ओढणं चाललं. खिडकीबाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे म्हणत होते.

"…हं. बोल… भूल म्हणजे नक्की काय करतात ते? मला काय विचारतोस, मला फक्त शब्द कळतात. ज्याने झोपवू म्हटलं त्यालाच बोलाव आणि म्हण, झोप हा शब्द न वापरता सांगा. सिस्टरला सांग, ते आल्याशिवाय मी हलणार नाही. हट्टच करायचा तर हा कर… आणि टॅक्सीवाल्याला?… तिला पाठव खाली. म्हणावं, दादा, माफ करा, नाही जायचं… हो, तेवढं तिला जमेल."

डॉक्टर यायला वेळ लागला. तोवर बाईंनी वायर पुन्हा खोचली. मग फोनमधून एका पुरुषाचा भरभर, थोडा वैतागलेला आवाज आला आणि हळूहळू तो आवाज निवळला.

"…काय म्हणाले?… औषध शिरेतून. त्याने शुद्ध जाते, दुखणं कळत नाही… श्वास यंत्राने… आणि ते स्वतः कुठे असतात?… डोक्याशी बसून? पूर्ण वेळ?… विचारलंस, लघवीला गेलात तर?… ढब्ब्या! असं विचारतात का डॉक्टरांना!… काय म्हणाले ते?… 'जायचं झालं तर दुसऱ्याला बसवून जातो.' बघ, किती सरळ माणूस आहे… मग औषध थांबवतात, आणि शुद्ध येते. किती वेळात?… बरं… नाही, न येण्याची शक्यता अगदी कमी, पण आहे, असं म्हणाले ना? म्हणू दे. त्यांनी लपवलं नाही… हं… काय करतोस आता?… बूट काढतोयस… दोन्ही काढलेस?… बरं. सही?… वाचून कर. सगळं वाचून कर, घाई नाही… केलीस."

बाई आता बसल्या.

"ऐक, मी आत्ता निघत नाही. मुख्याध्यापकांनी सोडलं तरी फोनला चार्जिंग नाही, तुला नेताना रस्त्यातच बंद पडेल. तू आत जाईपर्यंत मी इथेच आहे… नाही ठेवत. ठेवत नाही म्हटलं ना… तिला दे फोन. जा. जा बाळा."

मग चाकांचा आवाज आला. ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं आणि ते करकरणं लांब लांब जात शेवटी दाराच्या धपकन आवाजात संपलं.

"गेला?… हात केला त्याने?… बरं… अगं, फोन ठेवू नको. बोलायचं नसलं तर नको बोलूस. नुसता चालू ठेव."

त्या दुपारी त्या दोघी फारसं बोलल्याच नाहीत. बाईंनी पुढचे तास दुसऱ्यांना वाटून दिले. फोन टेबलावर पालथा, आवाज मोठा करून. त्यातून कधी कोणाच्या खोकल्याचा, कधी भांडं पडल्याचा, कधी सिस्टरने कोणाला तरी हाक मारल्याचा आवाज येई. प्रत्येक हाकेला बाई दचकत.

"आहेस ना?… हो, मीही आहे… काही खाल्लंस?… जा, चहा तरी घे… नाही, फोन घेऊन जा. कपाबरोबर धर."

नंतर बराच वेळ गेला.

"अगं, दारावरचा दिवा?… अजून लालच… असू दे, लागतो वेळ… हो गं, त्यांनी दोन-अडीच तास म्हटलं होतं, त्याच्या वर गेलाय, मला कळतंय… नाही, वाईट नाही बोलायचं असं नाही, वाटतंय ते बोल. मलाही तेच वाटतंय."

शाळा सुटली. दिवा विझेपर्यंत फोन तोडायचा बाईंना धीर नव्हता, त्या तिथेच बसून राहिल्या. चित्रकलेचे सर दारातून डोकावले, बाईंकडे बघून काही न विचारता निघून गेले. शिपाई खिडक्या लावत आला, त्याला बाईंनी हातानेच थांबवलं.

"…काय? कोण आलं?… मोठे डॉक्टर? स्वतः?… काय म्हणतायत? अगं मला दे… नाही, तू ऐक, तू ऐक आधी, मग मला सांग…"

बाई उभ्या राहिल्या.

"…निघाली. पूर्ण निघाली?… टोकं जोडली. पिशवी?… नाही लागली… रक्त?… एक बाटली दिली. बरं. उशीर का?… चिकटलेलं होतं. हं… शुद्ध आली? आली?… तू बघितलंस? स्वतःच्या डोळ्यांनी?… काय म्हणाला?… 'पाणी द्या.' देऊ नकोस हं, ओठ नुसते ओले कर, त्यांना विचारून… काय?… पाणी नाही दिलं म्हणून सिस्टरवर चिडला?… चिडू दे! चिडू दे मेल्याला!"

बाईंना हसू आवरेना आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"आणि पुढे? गाठ तपासायला पाठवली… रिपोर्ट कधी?… आठवड्याने. त्यावर ठरणार, अजून औषधं लागतील की नाही ते… हं… म्हणजे अजून अर्धंच झालंय… हो, अर्धं म्हणजे काही थोडं नाही… हं? काय विचारतेस?"

पलीकडून आलेला प्रश्न ऐकून बाईंनी डोळे मिटले. 'सगळं छान होईल बघ' हे वाक्य त्यांच्या जिभेवर अगदी तयार होतं. कोणीही म्हणतं. ते म्हणून टाकलं असतं तर त्या पोरीला रात्रीपुरता आधार झाला असता, आणि बाईंनाही.

"…माहीत नाही गं. खरंच नाही माहीत… हो… हो, रड… मी निघालेय. पर्स घेतली बघ, ही दाराबाहेर आले. आज रात्री मी बसते त्याच्यापाशी, तू झोप काढ… हो, तिथेच बस बाकावर, शोधते मी… ठेवते. अगं ठेवायलाच हवा आता, नाहीतर येणार कशी मी… हं. ठेवते."